तीन भावंडांच्या नावाची वाइनरी

कुवेतच्या मुबारकिया बाजारात फेब्रुवारीच्या सुमारास नाशिकची द्राक्षे दृष्टीस पडली की, मद्याची आयात १९६४ सालच्या कायद्याने निषिद्ध ठरविणाऱ्या या मुलखाचा दस्तूर मी मनोभावे पाळीत असताही, माझे मन गोदावरीच्या खोऱ्यातील गंगावऱ्हे शिवारात जाऊन पोहोचते. तेथे गुरनानी कुटुंबाने यॉर्क वाइनरी उभारली. नावावरून विलायतेतील नगराचा भास होतो. वस्तुतः योगिता, रवी व कैलास या भावंडांच्या नावांच्या आद्याक्षरांतून ते जुळविले आहे. कैलास ॲडलेडच्या विद्यापीठात वाइनशास्त्र शिकून आले, व्यवहार रवींनी सांभाळला. घरच्याच माणसांची नावे बाटलीवर असल्यावर प्रत्येक हंगाम कुळाच्या अब्रूशी बांधला जातो, आणि लहान वाइनरीचे मला जे आकर्षण वाटते ते यातच आहे.

नाशिकची थंडी द्राक्षवेलीला युरोपातल्याप्रमाणे निजविण्याइतकी तीव्र नसल्यामुळे, एप्रिलमध्ये खरड छाटणी करून नवी काडी तयार करावयाची, पावसाळा सरू द्यावयाचा आणि ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी करून फळ धरावयाचे, असा दुहेरी शिरस्ता आमच्या बागाईतदारांनी बसविला आहे, व त्यामुळे तोडणी जानेवारी ते मार्चच्या कोरड्या दिवसांत येते. परंतु ऊन चढू लागले की मण्यातील साखर वाढते, आम्लता उतरते. म्हणून तोडणीचा दिवस मुक्रर करणे हीच वाइन करणाऱ्याची खरी कसोटी होय. शेनिन ब्लांसारख्या पांढऱ्या वाणाचा रस आधी दाबून काढतात आणि पोलादी टाक्यांत गार ठेवून सावकाश आंबवितात. शिराझचा रंग सालीत असल्याने ती सालींसकट आंबते व पुढे ओकच्या पिंपांत मुरते. मुरणे हे क्रियापद आमच्या लोणच्या-मोरंब्याचे, पण येथेही ते मला सर्वस्वी यथार्थ वाटते. फळ उत्तम साधले की माणसाने हात आवरावा, हे धोरण आमच्या आज्यांनीही बरणीच्या बाबतीत कसोशीने पाळले होते.

२०२१ साली सुला या मोठ्या कंपनीने यॉर्क विकत घेतली. मालकीचे दफ्तर बदलले याची मला हळहळ वाटली. नाव टिकले याचे समाधानही वाटले.

मुबारकियातून मी घरी आणतो ती द्राक्षे पातळ सालीची, बिनबियांची, खाण्यासाठीच लावलेली. शिराझचा लहान, जाड सालीचा, बियांचा मणी समुद्र ओलांडून येथवर येत नाही; तो पाहावयाचा तर तोडणीच्या दिवसांत, पहाटेच्या गारव्यात, गंगावऱ्ह्यासच गेले पाहिजे.