गोचीड ताप : गोठ्याकडे लक्ष द्या



बेला परिसरातील पुष्कळ घरांचा संसार कापूस, बैलजोडी आणि एखाद-दुसऱ्या दुभत्या गाईवर चालतो. पोळ्याला आपण बैलांना सजवतो, परंतु त्यांच्या कानात, मानेखाली चिकटलेल्या गोचिडांकडे दुर्लक्ष होते. म्हणून या अंकात गोचिडांमुळे होणाऱ्या 'बबेसिया' रोगाची माहिती देत आहोत.

बबेसिया हा सूक्ष्म परजीवी आहे. गोचीड रक्त पिताना तो जनावराच्या रक्तात जातो, तांबड्या पेशींत वाढतो व त्या फोडतो. पेशींतील लाल द्रव्य लघवीतून बाहेर पडते. त्यामुळे लघवी लाल किंवा कॉफीच्या रंगाची होते. तीव्र ताप येतो, रवंथ थांबते, अशक्तपणा येतो. गावठी जनावरांपेक्षा संकरित गाईंना हा रोग अधिक जड जातो.

रुमानियाचे व्हिक्टर बाबेश यांनी 1888 मध्ये हा परजीवी प्रथम पाहिला. 1893 मध्ये अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न यांनी तो गोचिडांमार्फत पसरतो हे सिद्ध केले. त्यानंतर चार वर्षांनी, 1897 मध्ये, आपल्या सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासात मलेरियाचा परजीवी सापडला.

गोचिडीची मादी जमिनीवर, भिंतीच्या भेगांत दोन-तीन हजार अंडी घालते. रोगी मादीच्या अंड्यांतून परजीवी पुढच्या पिढीतही जातो. म्हणून जनावरावर उपचार केला, पण गोठा तसाच ठेवला, तर रोग परत येतो.

माणसाला हा रोग क्वचितच होतो. पहिला रुग्ण 1957 मध्ये युगोस्लाव्हियात आढळला. त्याची प्लीहा पूर्वीच काढलेली होती. सूक्ष्मदर्शकाखाली हा परजीवी मलेरियासारखा दिसतो. म्हणून ताप आल्यास गोचीड चावल्याचे डॉक्टरांना अवश्य सांगावे.

पालकांना आमची विनंती :

1. लघवी लाल दिसताच त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा. वेळेवर इंजेक्शन मिळाल्यास जनावर वाचते.
2. गोचीड बोटांनी चिरडू नका. चिमट्याने धरून सरळ ओढा.
3. कापसावरचे कीटकनाशक जनावरावर मारू नका. त्याने विषबाधा होते. औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच लावा.
4. गोठ्याच्या भेगा बुजवा, शेण व कचरा रोज काढा.

विद्यार्थ्यांनो, दर रविवारी आपल्या जनावरांचे कान व मान तपासा आणि गोचीड दिसल्यास घरच्यांना सांगा. बैल आजारी पडला तर पेरणी अडते, आणि त्याची झळ तुमच्या वह्या-पुस्तकांपर्यंत पोहोचते.