पत्र्यामागची इंचभर पोकळी

व्हरमाँटमध्ये लाकडाच्या घरात राहायचं आणि त्याच घरात लाकडं जाळून थंडी काढायची, अशी रीत आहे. आपल्याकडे मातीच्या किंवा दगडाच्या भिंतीला चूल खेटून बसते. भिंत फार तर काळी पडते. इथली भिंत म्हणजे 16-16 इंचांवर उभे केलेले लाकडी दांडे आणि त्यांवर ठोकलेलं ड्रायवॉल. आतलं जिप्सम जळत नाही, पण त्याच्या दोन्ही अंगांना कागद असतो. त्यामुळे नियमाच्या लेखी ही भिंत जळाऊच.

शेजाऱ्यांनी एक जुनी बिडाची शेगडी आणली. ती बसवायला मिस्त्री आला, तेव्हा मी त्याच्या हाताखाली राबलो. नव्या शेगडीच्या पाठीवर पाटी असते. कुठल्या बाजूला किती अंतर सोडायचं, ते तिच्यावर लिहिलेलं असतं. हिला पाटीच नव्हती. अशा शेगडीसाठी अमेरिकेतला ‘एनएफपीए 211’ हा नियम सरळ 36 इंच मागतो. तेवढं सोडलं तर शेगडी खोलीच्या मधोमध आणि सोफा व्हरांड्यात!

मग भिंतीला फरशा चिकटवू, असं शेजारी म्हणाले. दिसायलाही छान. मिस्त्रीने नुसती मान हलवली. फरशी जळत नाही हे खरं, पण ती उष्णता अडवतही नाही. मागच्या लाकडाकडे निमूट सरकवते. ते लाकूड वर्षानुवर्षं तापत आतल्या आत करपत जातं आणि ताजं लाकूड ज्या तापमानाला दाद देणार नाही, त्याला पेट घेऊ शकतं. इतके हिवाळे काही झालं नाही, हा युक्तिवाद म्हणूनच मला फार धोक्याचा वाटतो.

त्याने लावला 24 गेजचा पत्रा, भिंतीपासून 1 इंच सुटा. पत्रा तापला की मागची हवा तापून वर निघते आणि खालून गार हवा आत ओढली जाते. म्हणून खालची कड जमिनीपासून इंचभर वर आणि वरची कड मोकळी. एवढं केलं की 36 चे 12 इंच होतात. पोकळी न ठेवता साडेतीन इंच जाडीचं विटांचं काम केलं असतं, तर 24 च्या खाली येता आलं नसतं.

सगळी मेख स्क्रूत होती. पत्रा सुटा ठेवायला चिनीमातीच्या नळ्या आणि त्यांतून दांड्यात जाणारे स्क्रू. पण शेगडीच्या बरोबर मागे एकही नाही. लोखंडी स्क्रू ती धग थेट लाकडात नेतो. दांडे शोधायला त्याने भिंतीवर बोटांनी टकटक केली, पेन्सिलीने खुणा केल्या आणि मधल्या दोन खुणा लगेच खोडल्या.

शेगडी रसरसली तेव्हा पत्र्याला बोट लावायची सोय नव्हती. त्याच्या कडेने हात आत घालून मी भिंत चाचपली. कोमट.

धुराड्याचा साधा एकेरी नळ भिंतीपासून 18 इंच लांब ठेवला. छतातून वर जाताना दुपदरी नळ, त्याच्या सभोवती 2 इंच मोकळे. त्या फटीतून गारवा येईल म्हणून शेजारी ग्लासवूलची पिशवी घेऊन माळ्यावर चढले होते. मिस्त्रीने पिशवी त्यांच्या हातून काढून घेतली आणि आपल्या गाडीत टाकली.