सारखे दगड, वेगळी माणसं

मेडोज टेलर या ब्रिटिश अधिकाऱ्याचं नाव मराठवाड्याला अनोळखी नाही. 1853 नंतर काही वर्षं तो नळदुर्गचा कारभार पाहत होता. ठगांवरच्या कादंबरीने तो गाजला. त्याच्या दुसऱ्या उद्योगाची मात्र फारशी आठवण निघत नाही. भीमेच्या खोऱ्यात आणि शोरापूरच्या परिसरात त्याने दगडांच्या राशींखालची प्राचीन दफनं उकरली, त्यांचे आराखडे काढले आणि ती युरोपातल्या थडग्यांशी ताडून पाहिली. साम्य इतकं दिसलं, की बांधणारे लोकही एकाच मुळाचे, केल्टिक किंवा शक असावेत, असं त्याला वाटलं. निरीक्षण चोख होतं, निष्कर्ष मात्र टिकला नाही. तरी अशा दोन थडग्यांची छायाचित्रं शेजारी ठेवून ‘बघा, आपलेच पूर्वज तिकडे गेले’ किंवा ‘तिकडचेच इकडे आले’ असं म्हणणारे आजही भेटतात. त्यामुळे टेलरचा निष्कर्ष का टिकला नाही, हे नायगाव-देगलूरच्या वाचकानेही समजून घेण्यासारखं आहे.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर मेसहाउ नावाचं थडगं आहे, इसवी सनापूर्वी सुमारे 2800 चं. बाहेरून तो गवताळ उंचवटा वाटतो. आत जायला साधारण 10 मीटर लांबीची बुटकी वाट आहे. मोठ्या माणसाला कमरेत वाकूनच जावं लागतं. पुढे चौकोनी दालन, त्याच्या भिंतींत कोनाड्यांसारख्या लहान खोल्या. डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवसांत मावळत्या सूर्याचं ऊन त्या वाटेने आत शिरून मागच्या भिंतीवर पडतं. या थडग्यात धातूचा मागमूस नाही, कारण त्या लोकांना धातू ठाऊकच नव्हता. आता नागपूरजवळचं जुनापाणी पाहा. इथे बेसाल्टच्या धोंड्यांची सुमारे 300 वर्तुळं आहेत. ना वाट, ना दालन. वर्तुळाच्या आत काळी माती आणि गोटे भरलेले, आणि त्याखाली मडकी, लोखंडी हत्यारं, थोडीफार हाडं. जवळच्या माहुरझरीला 1970 च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांच्या उत्खननात माणसांबरोबर पुरलेले घोडे मिळाले. त्यांच्या तोंडावर तांब्याच्या पत्र्याचे दागिने होते, तोंडात लोखंडी लगाम होता. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. हा सगळा काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकाचा. मेसहाउ आणि माहुरझरी यांच्यामध्ये सुमारे दोन हजार वर्षं पडतात, आणि ही दरी दगडाच्या साम्याने बुजत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅकने जुनापाणीच्या धोंड्यांवर वाटीसारखे कोरलेले खळगे नोंदवले. तसेच खळगे स्कॉटलंडच्या खडकांवरही आहेत. दक्षिणेकडच्या शिळापेट्यांच्या, म्हणजे दगडी फरशांच्या दफनपेट्यांच्या, एका फरशीला गोल भोकही असतं आणि युरोपातही तशी भोकं दिसतात. एवढ्या गोष्टी योगायोगाने कशा जुळतील? पण खळगा ही दगडावर दगड घासून वा ठोकून उमटणारी सर्वांत सोपी खूण आहे. ती शिकायला सात समुद्र ओलांडावे लागत नाहीत. भोकाचं कारणही वापरात शोधावं. कर्नाटकात ब्रह्मगिरीला 1947 मध्ये पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरने उघडलेल्या पेट्यांत एकाहून अधिक माणसांची हाडं होती, आणि ती मांस गळून गेल्यावर आत ठेवलेली होती. पेटी पुन्हा पुन्हा वापरायची तर तोंड हवंच. गरज सारखी असली की घडणही सारखी होते, त्यासाठी रक्ताचं नातं लागत नाही.

मग तुलना करायचीच कशाला, असं कुणी विचारील. कारण तुलनेतूनच फरक डोळ्यांत भरतो. मेसहाउला वाट आहे, म्हणजे जिवंतांनी आत परतून येणं अपेक्षित होतं. विदर्भातलं वर्तुळ एकदा भरलं की बंद. त्यामागचा जनसमुदाय, धोंडे ओढण्याचं कष्टाचं काम, घोड्यासारखं मोलाचं जनावर देऊन टाकणं हे सगळं त्या एका प्रसंगासाठी. काही वर्तुळांत हाड जवळपास सापडतच नाही. मग ते दफन नव्हे, असं म्हणता येईल. स्मारक होतं असं मानलं तरी माझा मुद्दा पडत नाही, उलट बळकट होतो, कारण मग देहापेक्षा तो जमाव आणि ती जागाच महत्त्वाची ठरते. तिसरी तऱ्हा घोड नदीकाठच्या इनामगावची. तिथे ताम्रपाषाण काळातले लोक मेलेलं मूल दोन मडक्यांची तोंडं जोडून, त्यांत ठेवून, घराच्या जमिनीखालीच पुरत. ऑर्कनीत दालनात, विदर्भात माळावर, घोडकाठी चुलीशेजारी. मेलेल्याला कुठे ठेवलं यावरून जिवंतांना त्याच्याशी कसं नातं हवं होतं ते कळतं. हे वाचण्याऐवजी ‘सगळे एकच’ म्हणणं म्हणजे पुरावा हातात असून तो फेकून देणं आहे.

आणि पुरावा फेकला जातोच आहे. वर्तुळाचे धोंडे बांधाला लागतात, खडी होतात, नांगराखाली मोडतात. दगड हलला की त्याची दिशा, भरावाचे थर, हाडाची जागा सगळं गेलं; नंतर कितीही हुशार संशोधक आला तरी ते परत जोडता येत नाही. शेतात धोंड्यांचं गोल रिंगण किंवा काळ्या-तांबड्या मडक्यांच्या खापऱ्यांचा थर लागला, तर काहीही उचलू नका. मोबाइलवर फोटो काढा आणि तहसील कार्यालयात किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्याला लेखी कळवा. जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं 1878 च्या कायद्याने बंधनकारकच आहे.