शॉकअपची पत्रिका जुळवताना

पन्नाशी उलटलेल्या स्पोर्ट्स कारच्या पुढच्या मडगार्डवर दोन्ही तळहात टेकवा, अंगाचा भार टाकून गाडी खाली दाबा आणि झटकन हात काढून घ्या. गाडी वर आली, जराशी हलली आणि थांबली, तर तूर्त निभावलं. वर, खाली, पुन्हा वर अशी डोलत राहिली, तर त्या कोपऱ्यातला स्ट्रट संपला म्हणून समजा. ही चाचणी फुकट आहे आणि गॅरेजमधल्या पोऱ्यालाही येते. त्यापुढचा प्रश्न मात्र पैशांचा आहे. एकाच गाडीसाठी बाजारात साधे, गॅसवाले, कमी-जास्त करता येणारे असे अनेक स्ट्रट मिळतात आणि त्यांच्या किमतींत कित्येक पटींचा फरक असतो. महाग घ्यावेत तर खिसा आड येतो, स्वस्त घ्यावेत तर गाडीची मजाच जाईल ही धास्ती.

उदाहरणासाठी एकच गाडी घेऊ: डॅटसन २४०झेड. निसानने ती १९६९ च्या अखेरीस आणली. जपानमध्ये तिचं नाव फेअरलेडी झेड. सहा सिलिंडरचं २.४ लिटरचं इंजिन, वजन हजार किलोंच्या थोडं वर आणि अमेरिकेतली सुरुवातीची किंमत ३,५२६ डॉलर. जॅग्वार ई-टाइपकडे नुसतं बघून समाधान मानणाऱ्यांना ही गाडी परवडली. अमेरिकेत आणि जपानमध्ये आजही हौशी मंडळी या गाड्या जिवापाड जपतात. तिच्या चारही चाकांवर स्ट्रट आहेत, म्हणून आपल्या प्रश्नाला ती अगदी चपखल बसते.

काटकसरीच्या पोटी

गंमत म्हणजे स्ट्रट हा प्रकारच मुळात काटकसरीतून जन्मला. दुसरं महायुद्ध संपताना जनरल मोटर्सच्या शेव्हरले विभागात अर्ल मॅकफर्सन हा अभियंता ‘कॅडेट’ नावाच्या छोट्या गाडीवर काम करत होता. ती हजार डॉलरच्या आत विकायची होती. प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक अशा दोन भुजा, शिवाय स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा, हा सरंजाम त्या किमतीत बसेना. मॅकफर्सनने वरची भुजा काढूनच टाकली. शॉकअप एवढा दणकट केला, की वरच्या भुजेचं कामही त्यानेच करावं. स्प्रिंग त्याच्याभोवती गुंडाळली आणि वरचं टोक थेट गाडीच्या सांगाड्याला बांधलं. कॅडेट १९४७ मध्ये गुंडाळली गेली, मॅकफर्सन फोर्डमध्ये गेला आणि त्याची कल्पना १९५० च्या लंडन मोटार प्रदर्शनात फोर्ड कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांबरोबर लोकांसमोर आली. पुढे लोटसच्या कॉलिन चॅपमनने तसाच प्रकार मागच्या चाकांसाठी वापरला. २४०झेडमध्ये पुढे मॅकफर्सन आहे आणि मागे चॅपमन.

आपल्याकडे ही रचना घराघरांत पोहोचली ती डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० च्या पुढच्या चाकांमधून. आपले मेकॅनिक सगळ्यालाच ‘शॉकअप’ म्हणतात. बोलण्यात ते खपून जातं, खरेदीत नाही. साधा शॉकअप फक्त हेलकावे थोपवतो. स्ट्रट ते करतोच, शिवाय चाक उभं धरणारं हाडही तोच असतो. वळणावर चाकाला बाजूने बसणारा रेटा त्याच्या दांड्यावर येतो आणि पुढचं चाक वळतं तेही त्याच्याच आधाराने. म्हणून ‘लांबी जुळते ना, मग बसव’ हा हिशेब इथे चालत नाही.

झोपाळा आणि पाय

ओटीवरचा झोपाळा एकदा जोरात ढकलून सोडला, तर बराच वेळ झुलत राहतो. बसणाऱ्याने पाय जमिनीला हलकेच घासले, तर दोन-तीन झोक्यांत थांबतो. दोन्ही पाय घट्ट रोवले, तर झुलतच नाही. गाडीत स्प्रिंग म्हणजे झोपाळा आणि शॉकअप म्हणजे पाय. खड्ड्याचा धक्का स्प्रिंग झेलते आणि साठवते. ती साठवलेली ऊर्जा बारीक छिद्रांतून तेल दाबून उष्णतेत उधळून टाकणं, हे शॉकअपचं काम. लांबच्या प्रवासानंतर तो हाताला गरम लागतो तो त्यामुळेच.

आता थोडं गणित. एका चाकाच्या वाट्याला २५० किलो भार आणि १ मिलिमीटर दबायला १६ न्यूटन जोर मागणारी स्प्रिंग, असं धरू. हे आकडे हिशेबाच्या सोयीचे आहेत, पण अशा हलक्या जुन्या गाडीच्या जवळ जाणारे. ही जोडी मोकळी सोडली तर सेकंदाला साधारण सव्वा हेलकावा घेईल. तिला एकही जादा हेलकावा न घेता जागेवर यायला भाग पाडणारा शॉकअप दर सेकंदाला १ मीटर वेगाला ४,००० न्यूटन विरोध करणारा हवा. भौतिकशास्त्रात याला क्रांतिक अवमंदन म्हणतात. प्रवासी गाडीत मुद्दाम त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाएवढाच विरोध ठेवतात, नाहीतर प्रत्येक खडा पाठीच्या मणक्याला कळेल.

समजा, आपला कोरा शॉकअप १,२०० न्यूटनचा आहे, म्हणजे क्रांतिक विरोधाच्या ०.३ पट. अशा गाडीत एका हेलकाव्यानंतर मूळ झोक्याचा १४ टक्के भाग उरतो आणि दुसऱ्यानंतर जेमतेम २ टक्के. तोच शॉकअप झिजून निम्म्यावर आला, तर पहिल्या हेलकाव्यानंतर ३९ टक्के आणि दुसऱ्यानंतर १५ टक्के उरतो. मडगार्ड दाबल्यावर हाताला जाणवतं ते हेच.

खरी मेख पुढे आहे. क्रांतिक अवमंदन हे भार आणि स्प्रिंगचा ताठपणा यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर ठरतं. गाडी ‘स्पोर्टी’ व्हावी म्हणून कुणी दुप्पट ताठ स्प्रिंग बसवली आणि शॉकअप मूळचाच १,२०० न्यूटनचा ठेवला, तर गुणोत्तर ०.३ वरून ०.२१ वर घसरतं. एका हेलकाव्यानंतर १४ ऐवजी २६ टक्के झोका शिल्लक राहतो. म्हणजे डब्यातून काढलेला कोरा शॉकअपसुद्धा झिजल्यासारखा वागतो. उलट, मूळची मऊ स्प्रिंग ठेवून शर्यतीचा कडक शॉकअप घातला, तर खड्ड्याच्या धक्क्याने वर दाबलेलं चाक वेळेवर खाली परत येत नाही. ओळीने खड्डे आले, की गाडी दर खड्ड्याला थोडी थोडी खाली बसत जाते. म्हणून स्ट्रट एकटा निवडायचा नसतो. त्याची पत्रिका स्प्रिंगशी आणि गाडीच्या वजनाशी जुळली पाहिजे.

याखेरीज चाकाची स्वतःची एक थरथर असते, सेकंदाला दहा-बारा वेळा. टायर हीही एक स्प्रिंगच, आणि तिच्यावर चाक उड्या मारतं. संपलेला स्ट्रट ही थरथर आवरू शकत नाही. टायर रस्त्यावर कधी जास्त तर कधी कमी दाबला जातो आणि खडबडीत रस्त्यावर ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते. तेव्हा प्रश्न केवळ आरामाचा नाही.

दोन नळ्या की एक?

सर्वात स्वस्त आणि सर्वात जास्त खपणारा प्रकार दुनळी. आतल्या नळीत पिस्टन फिरतो, बाहेरच्या नळीत जादा तेल आणि वर थोडी हवा. खराब रस्त्यावर हे तेल आणि हवा ताकासारखे घुसळले जातात आणि फेस होतो. तेल दाबलं जात नाही, फेस दाबला जातो, म्हणून पिस्टनला विरोधच उरत नाही. हवेऐवजी कमी दाबाचा नायट्रोजन भरला, की हा त्रास बराच कमी होतो. आजचे बहुतेक ‘गॅस’ शॉकअप ते हेच.

दुसरा प्रकार एकनळी, फ्रेंच अभियंता द कार्बोन याच्या कल्पनेतला. यात एक तरंगता पिस्टन तेल आणि गॅस यांची फारकत करतो आणि गॅसचा दाब वातावरणाच्या वीस-पंचवीस पट असतो. जर्मनीच्या बिलस्टाइनने १९५७ मध्ये मर्सिडीझसाठी हा प्रकार कारखान्यात बनवायला घेतला. यात फेस होत नाही आणि तेलाची उष्णता एकाच भिंतीतून थेट हवेत जाते. पण ती भिंत अगदी अचूक घासावी लागते आणि त्या अचूकपणाची किंमत मोजावी लागते.

२४०झेडच्या बाबतीत इथे एक बारकावा आहे. तिच्या स्ट्रटची बाहेरची नळी चाकाच्या आधाराला कायमची जोडलेली असते. वरचं मोठं नट उघडायचं, आतला जुना ऐवज आणि तेल काढायचं आणि तिथे तयार बंद काडतूस सरकवायचं. काडतूस एकनळी असो वा दुनळी, ते दुसऱ्या नळीच्या पोटात बसतं. त्यामुळे उष्णता थेट हवेत सोडण्याचा एकनळीचा फायदा इथे काही अंशी वाया जातो. जाणकार मेकॅनिक काडतूस आणि नळी यांच्यामधल्या फटीत थोडं तेल ओततात ते उष्णतेला वाट मिळावी म्हणून. हे काम चार घोट तेलात होतं आणि अनेकजण तेवढंही विसरतात.

तिसरा प्रकार कमी-जास्त करता येणारा. नेदरलँड्सच्या कोनीचं नाव त्यासाठीच झालं. पुढेमागे स्प्रिंग बदलायचं मनात असेल, तर एकदाच थोडे जास्त पैसे घालून असा स्ट्रट घेणं परवडतं, कारण नवी स्प्रिंग आली तरी जोडी पुन्हा जुळवता येते. स्प्रिंग कधीच बदलायची नसेल, तर कमी-जास्त करण्याच्या खिट्टीचे पैसे कशाला द्यायचे?

पैसा कुठे घालावा

गाडी रोजच्या रस्त्यावर चालणार असेल आणि स्प्रिंग मूळची असेल, तर कायाबासारख्या नावाजलेल्या कंपनीचं मूळ दर्जाचं गॅसवालं दुनळी काडतूस पुरतं. कारखान्यातल्या अभियंत्यांनी त्या स्प्रिंगसाठी, त्या वजनासाठी हिशेब आधीच करून ठेवलेला असतो. वाचलेले पैसे वरच्या रबरी बैठकीत, दांड्यावरच्या रबरी ठोकळ्यात आणि धूळ अडवणाऱ्या टोपणात घालावेत. पन्नास वर्षांचं रबर दगड झालेलं असतं. त्याच्या खाली सोन्याचा स्ट्रट बसवला तरी खडखड वरून येतच राहते.

जुन्या गाड्यांतून काढलेले वापरलेले स्ट्रट घेऊ नयेत. दांडा चकचकीत दिसतो, आतल्या झडपांची झीज दिसत नाही. वर्षानुवर्षं दुकानात पडलेल्या ‘कोऱ्या’ मालाचंही तेच, कारण रबरी सील न वापरताही म्हातारं होतं. एका धुरेवरचे दोन्ही स्ट्रट एकदमच बदलावेत, नाहीतर गाडी एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरं वागते. मागवण्याआधी नळीची आतली लांबी आणि व्यास स्वतः मोजावा. पुढच्या वर्षांतल्या २६०झेड आणि २८०झेड दिसायला सख्ख्या बहिणी, पण त्यांचं काडतूस हिला बसेलच असं नाही.

स्प्रिंगची वेटोळी कापून गाडी खाली बसवण्याची हौस तर सर्वात महाग पडते. दांड्याचा प्रवास कमी होतो आणि तो वारंवार तळाला आपटतो. शिवाय मॅकफर्सनच्या रचनेत गाडी जेवढी खाली येते, त्याहून ती कलंडण्याचं भौमितिक केंद्र जास्त खाली सरकतं. त्यामुळे वळणावर गाडी कलू नये म्हणून केलेला खटाटोप अंगाशी येऊन ती जास्तच कलू पाहते.

बसवतानाच्याही काही गोष्टी आहेत. नवा दुनळी स्ट्रट आडवा पडून आलेला असेल, तर आतल्या नळीत गॅसचे बुडबुडे शिरलेले असतात. तो उभा धरून चार-सहा वेळा पूर्ण दाबावा आणि ओढावा, मग बसवावा. चकचकीत दांड्याला पक्कड लावू नये, एक ओरखडासुद्धा सील फाडायला पुरतो. खालच्या भुजेचे रबरी बुश गाडीचा भार चाकांवर आल्यावरच आवळावेत. शेवटी चाकांचे कोन तपासून घ्यावेत.

एका कामात मात्र काटकसर नको. आपल्या हिशेबातली स्प्रिंग १५० मिलिमीटर दाबली, तर तिच्यात १८० ज्यूल ऊर्जा साठते. दहा किलोंचा दगड माणसाच्या उंचीवरून पडावा, तेवढी. स्प्रिंग दाबून धरणाऱ्या चांगल्या कंप्रेसरशिवाय दांड्याच्या टोकाचं नट सोडणं म्हणजे तो दगड स्वतःच्या तोंडासमोर टांगून दोरी कापणं. हा कंप्रेसर नसेल किंवा वापरायची सवय नसेल, तर मजुरी देऊन मोकळं व्हावं.

सांगायचं ते एवढंच. स्ट्रट स्वस्त की महाग हे किमतीच्या चिठ्ठीवर ठरत नाही, स्प्रिंगशी पत्रिका जुळते की नाही यावर ठरतं. मूळ स्प्रिंग असलेल्या २४०झेडला मूळ दर्जाचं दुनळी काडतूस आणि नवं रबर, एवढंच पुरेसं आहे. त्याहून महाग काही घ्यायचं असेल, तर आधी स्प्रिंगचा आकडा विचारा. तो न विचारता महागडा स्ट्रट गळ्यात मारणाऱ्या दुकानातून रिकाम्या हातांनी परत यावं.