काढता-घालता टप आणि वाऱ्याची शीळ

उघड्या मोटारीवर हवा तेव्हा बसविता व काढता येणारा कठीण टप ही कल्पना नवी नाही. १९६३ मध्ये जिनीव्हा येथील प्रदर्शनात मांडलेली मर्सिडीज-बेंझची २३० एसएल ही गाडी अशा टपाच्या खोलगट आकारामुळेच ‘पॅगोडा’ म्हणून ओळखली गेली. आपल्याकडे जुन्या जीपगाड्यांवर मागाहून बसविलेले फायबरचे टप हे याचेच रूप होय. अशा गाड्यांविषयी एक तक्रार वारंवार आढळते. भोसरी-मोशीच्या गर्दीत गाडी निमूट असते. परंतु किवळे येथून द्रुतगती मार्गास लागून वेग वाढला की टपाच्या कडेशी शीळ अथवा घोंघाट सुरू होतो.

या आवाजाचे मूळ दाबाच्या फरकात आहे. ताशी १०० कि.मी. वेगाने, म्हणजे सेकंदास सुमारे २७.८ मीटर गतीने, येणाऱ्या हवेचा गतिजन्य दाब सुमारे ४६० पास्कल भरतो. पुढील काचेच्या खांबाला वळसा घालताना हवेची गती वाढते व तेथील दाब बाहेरच्या सामान्य दाबाहून खाली जातो. परिणामी टप व काच बाहेर ओढली जातात, रबरी बीडिंगवरील दाब सैल होतो आणि उघडलेल्या बारीक फटीतून आतील हवा वेगाने बाहेर पडू लागते.

आवाजाचे तीन प्रकार वेगळे करणे आवश्यक आहे. फटीतून निसटणाऱ्या हवेचा आवाज ‘हिस्स’ असा, विस्तृत पट्ट्याचा असतो. टप व चौकट यांमधील खाचेवरून हवा वाहिल्यास, बाटलीच्या तोंडावर फुंकर घालावी तसा, ठरावीक सूर निघतो. तिसरा प्रकार बाहेर आलेल्या गजामागे आलटून पालटून सुटणाऱ्या भोवऱ्यांचा होय. ५ मिलिमीटर जाडीच्या गोल गजापासून वरील वेगाला सुमारे ११०० हर्ट्झचा सूर अपेक्षित आहे. पहिल्या प्रकारावर बीडिंग हा उपाय आहे. तिसऱ्यावर तो सर्वस्वी निष्फळ ठरतो.

वेगाशी असलेले नातेही लक्षणीय आहे. लाइटहिल यांनी १९५२ मध्ये व कर्ल यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, घन पृष्ठभागावरील बदलत्या दाबामुळे होणाऱ्या ध्वनीची शक्ती वेगाच्या सहाव्या घातानुसार वाढते. ताशी ६० वरून १०० कि.मी. वर जाताना ही वाढ सुमारे १३ डेसिबल होते. म्हणूनच कारखान्यासमोरील छोट्या फेरीत दोष सापडत नाही.

शोधाची रीत सोपी असली तरी क्रम पाळावा लागतो. प्रथम सर्व सांधे बाहेरून चिकटपट्टीने बंद करून ठरावीक वेगाने फेरी घ्यावी. आवाज थांबल्यास एकेक पट्टी काढीत जावे. ज्या पट्टीनंतर तो परततो, तेथे दोष. आवाज मुळीच न थांबल्यास त्याचे कारण सांध्याबाहेर आहे. संशयित जागी बीडिंगखाली कागदाची चिठ्ठी दाबून ओढावी. ती सहज सुटली तर तेथे पकड नाही.

दुरुस्तीही याच क्रमाने व्हावी. आधी टप चौकटीवर मध्यावर बसवून खटके दोन्ही बाजूंनी समान आवळावेत. मग कायमची चेपलेली बीडिंग बदलावी. केवळ जाड पट्टी कोंबण्याचा मोह टाळणे इष्ट. तिने टप एका कोपऱ्यात उचलला जातो, फट दुसरीकडे सरकते, खटक्यांवरील ताण वाढतो आणि पन्हळ बुजल्यास पावसाचे पाणी आत येते. धावत्या गाडीचा टप खटक्यांनीच धरलेला असल्याने हा प्रश्न केवळ कानाच्या सुखाचा राहत नाही.

वाहनांच्या ध्वनीची प्रचलित बाह्य चाचणी गाडीपासून ७.५ मीटर अंतरावर व ताशी ५० कि.मी.च्या आसपास घेतली जाते. त्या वेगाला ही शीळ बहुधा जन्मालाच येत नाही. तेव्हा चाचणीत उत्तीर्ण झालेली गाडी आतून शांत असेलच, असा निष्कर्ष काढता येत नाही.