जुना भाता, नवा श्वास

अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात महाजनक जातकातील नृत्याचा प्रसंग रंगविलेला आहे. मध्यभागी नर्तकी आणि तिच्या सभोवती बासरी, तालवाद्ये व झांजा घेतलेल्या स्त्रिया. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची ही वाद्ये आजही पाहताक्षणी ओळखू येतात. ॲकॉर्डियनचे वय त्या मानाने कोवळे आहे. व्हिएन्ना येथील सिरिल डेमियन यांनी त्याचे पेटंट १८२९ मध्ये घेतले. आपल्याकडे ते घरोघरी पोहोचले ते हिंदी चित्रपटांमुळे. ‘आराधना’ (१९६९) मधील ‘रूप तेरा मस्ताना’ या गीतातील केरसी लॉर्ड यांचे ॲकॉर्डियन, किंवा पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांनी या वाद्यावर वाजविलेली चित्रपटगीते, हा एका पिढीचा ठेवा आहे.

त्याच पिढीतील अनेकांना आता, नोकरी-व्यवसायाच्या व्यापातून मोकळे झाल्यावर, हे वाद्य शिकावेसे वाटते. अजिंठ्यासारख्या गावात ॲकॉर्डियनचा शिक्षक मिळणे कठीण आणि नव्या वाद्याची किंमतही जड. म्हणून लक्ष जाते ते जुन्या वाद्याकडे. एखाद्या बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रातील वादकाच्या घरी, कपाटावर, काळ्या पेटीत ते वर्षानुवर्षे पडलेले असते. येथे व्यवहाराची दक्षता हवी, कारण खरेदीची रक्कम हा खर्चाचा केवळ पहिला हप्ता असतो.

परीक्षा मुळात सोपी आहे. हार्मोनियममध्ये भात्याचा वारा एकाच दिशेने सुरांतून जातो. ॲकॉर्डियनमध्ये मात्र प्रत्येक स्वरासाठी दोन पात्या असतात, एक भाता उघडताना वाजणारी व दुसरी मिटताना. म्हणून प्रत्येक पट्टी दोन्ही दिशांनी वाजवून पाहावी. एका दिशेला स्वर गोड आणि दुसरीकडे मुका किंवा बेसूर असेल, तर आतील पाती गंजलेली, अडकलेली किंवा सैल झालेली असते. त्यानंतर भात्याचे पट्टे सोडून, एकही पट्टी न दाबता, वाद्य वरच्या बाजूने धरावे. खालचा भाग सावकाश उतरला तर भाता सुदृढ. झपाट्याने खाली आला तर वारा कोठेतरी गळतो आहे. पेटी उघडताच कुबट वास आला, तर ओल आत शिरली आहे असे समजावे.

वजनाचाही विचार हवा. १२० बटणांचे पूर्ण आकाराचे वाद्य सुमारे १० किलोंचे असते. साठी ओलांडलेल्या खांद्यांना ४८ किंवा ७२ बटणांचे लहान वाद्यच मानवते, आणि आरंभीची दोन-तीन वर्षे त्यात काही उणे पडत नाही.

ज्याने घरातील पेटीवर कधी बोटे फिरविली आहेत, त्याचा उजवा हात लवकर रुळतो. पट्ट्या त्याच, केवळ उभ्या झालेल्या. अडचण एवढीच की त्या नजरेस पडत नाहीत. बोटांनीच वाट ओळखावी लागते. डाव्या हाताची बटणे प्रथम गोंधळात टाकतात. परंतु त्यांच्या मांडणीत आपल्या परिचयाचा षड्ज-पंचम भाव दडलेला आहे. खळगा किंवा खडा असलेले बटण म्हणजे पांढरी एक. त्याच्या वरचे बटण तिचा पंचम, आणि खालच्या बटणाचा पंचम ती स्वतः. या तीन ओळींवर अनेक साध्या चालींची साथ होते. स्तवन किंवा भजन वाजविताना स्वरसमूहाची बटणे सोडून फक्त षड्ज-पंचमाचा खर्ज धरला, तरी चाल शोभून दिसते.

खरी साधना भात्याची आहे. नवशिका स्वराच्या मध्येच भात्याची दिशा बदलतो आणि ओळ तुटते. गाणारा जसा शब्दाच्या मध्ये श्वास घेत नाही, तसेच येथे ओळ संपल्यावरच भाता वळवावा. बिनहाताच्या खुर्चीत ताठ बसावे, वाद्याचा भार डाव्या मांडीवर ठेवावा, आणि पहिले काही दिवस एकच स्वर लांब, एकसारखा धरण्यात घालवावेत. रोज वीस मिनिटे पुरतात. मात्र ती रोजच हवीत.

जैन कुटुंबांच्या मनात एक प्रश्न सहज उभा राहील. पारंपरिक ॲकॉर्डियनमध्ये सुरांच्या पट्ट्या मधमाशीच्या मेणात राळ मिसळून बसवितात, आणि आतील झडपा पुष्कळदा चामड्याच्या असतात. काही वाद्यांत झडपा प्लॅस्टिकच्याही असतात. खरेदीपूर्वी हे विचारून घेणे आणि दुरुस्तीच्या वेळी चामड्याऐवजी प्लॅस्टिकचा आग्रह धरणे शक्य आहे. निर्णय ज्याचा त्याने करावा. पण तो जाणून करावा.

त्याच मेणामुळे मराठवाड्याच्या उन्हाळ्यात विशेष काळजी घ्यावी लागते. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत वाद्य राहिले, तर मेण मऊ होऊन पट्ट्या जागा सोडतात. पावसाळ्यात उलट गंजाची भीती. भाता मिटवून, पट्टे लावून, कोरड्या जागी वाद्य ठेवावे आणि नियमित वाजवीत राहावे. न वाजविलेल्या वाद्यातील चामडी झडपा वाकतात व पात्या बोलेनाशा होतात.

दुरुस्तीसाठी ॲकॉर्डियनचा जाणकार क्वचितच सापडतो. परंतु हार्मोनियम बांधणारे, सूर लावणारे कारागीर आपल्या शहरांत अजून आहेत. कंप पावणाऱ्या पातीचे शास्त्र दोन्हीकडे एकच असल्याने त्यांच्यापैकी काही जण हे कामही करतात. मात्र त्यांच्या दुकानांत नवे शिकाऊ फारसे दिसत नाहीत. म्हणून कोणाच्या कपाटावर अशी काळी पेटी असेल, तर ती भंगारात देण्यापूर्वी एकदा त्या कारागिराकडे न्यावी. एखादा नातू शिकेल, नाहीतर आजोबाच शिकतील.