विदूषक माशाचें दुखणें

आज आपणांशीं ज्या विषयावर बोलावयाचें आहे, तो ऐकून आपणांपैकीं कांहींजण हंसतील. माणसांच्या दुखण्यांची विवंचना पुरेशी असतांना माशाच्या दुखण्याचें एवढें काय, असें ते म्हणतील. परंतु ज्या घरांत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे, आणि ज्या घरचीं मुलें शाळेंतून येतांच दप्तर टाकून आधीं त्या टाकीपुढें जाऊन उभीं राहतात, त्या घरीं हा प्रश्न हंसण्यासारखा नसतो.

शाळेंतून निवृत्त झाल्यावर मीं ही टाकी मांडली. तींत विदूषक माशांचें एक जोडपें होतें. नारिंगी अंग, त्यावर तीन पांढरे पट्टे व पट्ट्यांस काळी किनार, असा हा मासा २००३ सालच्या 'फाइंडिंग निमो' या चित्रपटामुळें लहानथोरांच्या परिचयाचा झाला आहे. त्याचें मूळ घर म्हणजे हिंदी व प्रशान्त महासागरांतील उथळ प्रवाळप्रदेश. आपल्याकडे अंदमानांत तो आढळतो. समुद्रफुलाच्या ज्या दंशकारी तंतूंपासून इतर मासे दूर पळतात, त्यांतच हा निर्धास्तपणें वस्ती करतो. याच्या कुळांत सारे प्रथम नरच असतात. जोडप्यांतील मोठा मासा मादी बनतो, आणि ती मेली तर मागें राहिलेला नर मादी होतो. नीट सांभाळल्यास घरच्या टाकींतही हा मासा वर्षानुवर्षें जगतो.

दोन वर्षांपूर्वीं माझ्या टाकींतील नर रात्रीं झांकणाच्या फटींतून उडी मारून बाहेर पडला व सकाळीं जमिनीवर मरून पडलेला आढळला. मादी एकटी राहिली. नातीच्या आग्रहास्तव मीं दुकानांतून दुसरा लहान मासा आणला, अर्धा तास पिशवी पाण्यावर तरंगत ठेविली, आणि त्याच सायंकाळीं त्यास टाकींत सोडलें. तिसऱ्या दिवशीं नव्या माशाचा रंग फिकट दिसूं लागला. चौथ्या दिवशीं मादीनें अन्न सोडलें. दुकानदारास दूरध्वनीवरून लक्षणें सांगितलीं. "मास्तर, पांढरे ठिपके असतील. तांब्याचं औषध घाला," असें तो म्हणाला. मीं बाटली आणली व औषध त्याच टाकींत ओतलें. दोन दिवसांत कोळंबी मेली, शंखांतले प्राणी मेले. आणि सातव्या रात्रीं दोन्ही मासे गेले. नातीनें एकच प्रश्न विचारला, "आजोबा, तुम्ही औषध दिलं होतं ना?" दिलें होतें खरें, परंतु तें त्या रोगाचें नव्हतें, आणि त्या जागीं द्यावयाचेंही नव्हतें.

या माशास जडणारे परोपजीवी रोग अनेक असले तरी घरच्या टाकींत वारंवार घात करणारे तीन आहेत. तिन्हींचे जंतु एकपेशीय, डोळ्यांस न दिसणारे. तिन्हींत माशास धाप लागते व तो अन्न टाकतो. म्हणूनच घोटाळा होतो.

पहिला रोग पांढऱ्या ठिपक्यांचा. याच्या जंतूस क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स असें नांव आहे. अंगावर व परांवर मिठाचे खडे चिकटावेत तसे, सहज मोजतां येतील असे ठिपके दिसतात. जंतु त्वचेच्या वरच्या थराखालीं तीन ते सात दिवस पोसला जातो. मग गळून खालीं पडतो व वाळूवर वा दगडावर कवच करून बसतो. त्या कवचांत त्याचीं शेंकडों पिल्लें तयार होतात व बाहेर पडून नवा मासा शोधूं लागतात; एक-दोन दिवसांत तो न मिळाला तर मरतात. ठिपके गळून पडले कीं मालकास वाटतें, मासा बरा झाला. प्रत्यक्षांत शत्रु केवळ तळाशीं दबा धरून बसलेला असतो, व पुढच्या खेपेस दसपटीनें येतो. औषधानें ठिपके चार दिवसांत गेले असें जेव्हां कोणी सांगतो, तेव्हां तें श्रेय औषधाचें कीं जंतूच्या नित्यक्रमाचें, हें विचारावें.

दुसरा रोग मखमलीचा. जंतूचें नांव अमायलूडिनियम ओसेलेटम. येथें ठिपके मोजतां येत नाहींत. अंगावर बारीक पीठ भुरभुरल्यासारखें दिसतें, तेंही विजेरीचा प्रकाश बाजूनें टाकल्यावर. हा जंतु आधीं कल्ल्यांत शिरतो, त्यामुळें अंगावर कांहीं दिसण्यापूर्वींच मासा गुदमरून मरूं शकतो. जो मासा पंपाच्या प्रवाहाकडे तोंड करून तासन् तास उभा राहतो, त्याच्याविषयीं हा संशय घ्यावा.

तिसऱ्या रोगास या छंदांतील लोक 'विदूषक माशाचा रोग' असेंच म्हणतात. जंतु ब्रुकलिनेला होस्टिलिस. माशाच्या अंगावर दाट, दुधी रंगाची चिकटी सुटते, रंग उडतो, आणि पुढें त्वचा पापुद्र्यासारखी सोलून लोंबूं लागते. हा जंतु कवच करीत नाहीं कीं तळाशीं जाऊन बसत नाहीं. माशाच्या अंगावरच एकाचे दोन, दोहोंचे चार असा वाढतो. त्यामुळें त्याची गति भयंकर असते, आणि पहिल्या लक्षणापासून मरणापर्यंत कांहीं थोडे दिवसच हातीं राहतात. माझ्या टाकींतील रोग हाच होता, हें मला मागाहून कळलें. तांब्याचा त्यावर उपयोग होत नाहीं.

आतां उपायांकडे वळूं. २०२० सालीं 'विलगीकरण' हा शब्द घरोघरीं पोहोंचला. परंतु रीति जुनी आहे. प्लेगची सांथ आली म्हणजे गांव मोकळें करून लोक रानांत झोपड्या बांधून राहत, असें माझी आजी सांगत असे. माशांची अशी झोपडी म्हणजे ४० ते ५० लिटरांची एक साधी टाकी. ती दुसऱ्या खोलींत ठेवावी. तींत वाळू नको, दगड नको. कारण चुनखडीचे दगड व वाळू तांबें शोषून घेतात, आणि जंतूंच्या कवचांस आसराही देतात. लपण्यास नळजोडणीच्या प्लॅस्टिक पाइपाचा एखादा कोपरा पुरतो. हीटरनें पाणी २५ ते २६ अंशांवर राखावें, विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास असावें, आणि एअर पंपावर चालणारा एक स्पंज फिल्टर असावा. हा स्पंज कोरा असतां कामा नये. रोगमुक्त अशा मुख्य टाकींत तो चार-सहा आठवडे आधींच ठेवून दिल्यास माशाच्या मलमूत्रांतून निघणारा अमोनिया पचविणारे उपकारक जंतु त्यांत वस्ती करतात. कोऱ्या स्पंजाच्या टाकींत पुष्कळ मासे रोगानें नव्हे, तर अमोनियानें मरतात, व दोष औषधास दिला जातो. अमोनियाची चांचणी रोज करावी; तो दिसतांच पाणी बदलावें. एक सावधगिरी येथेंच सांगतों : अमोनिया निष्प्रभ करणारीं कित्येक द्रव्यें ताम्रौषधाबरोबर घातल्यास तें औषध विषासमान होतें. औषध चालू असतां फिल्टरांत कोळसाही ठेवूं नये.

पहिल्या दोन रोगांवर तांबें चालतें. मात्र तें पोहणाऱ्या पिल्लांसच मारतें, कवचांतील वा त्वचेखालील जंतूस नव्हे. म्हणून मात्रा सतत टिकावी लागते. साध्या, मुक्त ताम्राचें प्रमाण दर लिटरास ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम असतें. बांधीव स्वरूपाच्या ताम्रौषधाची मात्रा याहून कितीतरी अधिक असते, व ती त्या त्या बाटलीवर दिलेली असते. एकाची मात्रा दुसऱ्यास लावली तर मासा मरतो, नाहींतर रोग तरी राहतो. मात्रा दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवावी, चांचणी-संचानें रोज मोजावी, व तीस दिवस कायम राखावी. केवळ ठिपक्यांचा रोग असेल तर विशिष्ट गुरुत्व १.००९ पर्यंत उतरवून कांहीं आठवडे ठेवण्याचाही मार्ग आहे. मखमलीवर तो चालत नाहीं.

तिसऱ्या रोगास फॉर्मॅलिन लागतें. ३७ टक्के फॉर्मल्डिहाइडचें औषध दर १० लिटर खाऱ्या पाण्यास सुमारें दीड मिलिलिटर, अशा वेगळ्या बादलींत मासा अर्धा ते एक तास ठेवतात, व तेथून स्वच्छ टाकींत सोडतात. एक दिवस आड करून असें दोन-तीन वेळां. औषधानें पाण्यांतील प्राणवायु घटतो, म्हणून हवेचे बुडबुडे जोरांत सोडावे. मासा कलंडूं लागला तर तत्काळ काढावा. बाटलीच्या तळाशीं पांढरा सांका दिसल्यास तें औषध फेंकून द्यावें. तें अधिक विषारी झालेलें असतें. फॉर्मल्डिहाइड माणसासही कर्कजनक आहे. हें काम मोकळ्या सज्जांत, हातमोजे घालून, मुलांस दूर ठेवून करावें, आणि पहिल्या वेळीं तरी माहितगार पशुवैद्याच्या सल्ल्यानें. औषध हातीं येईपर्यंत, क्लोरीन नसलेल्या व उष्णमान आणि पीएच जुळविलेल्या गोड्या पाण्यांत तीन ते पांच मिनिटें बुडविल्यास माशास थोडा आराम पडतो. तो आरामच, बरें होणें नव्हे.

आणि मुख्य टाकीचें काय? तीं रिकामी ठेवावयाची. समुद्रफुलें, कोळंब्या, शंख यांत तशाच राहूं द्याव्या, कारण हे जंतु त्यांवर जगत नाहींत. फक्त मासा एकही नको. पांढऱ्या ठिपक्यांच्या जंतूचीं कवचें सुमारें ७२ दिवसांनंतरही फुटल्याचें आढळलें आहे. म्हणून ७६ दिवसांची मुदत धरण्याचा प्रघात पडला. घरांतील मुलांस ही रिकामी टाकी फार सलते. माझ्याकडे तर तांबें मुरलेली वाळू व दगडही टाकून द्यावे लागले, आणि सारें नव्यानें मांडावें लागलें.

नवीन जोडपें आणतांना मीं उपजकेंद्रांत वाढविलेले मासे मागितले. केन्द्रीय समुद्री मत्स्यसंशोधन संस्थेनें या माशांचें प्रजनन साधलें आहे, आणि आपल्याकडे ऐरोलीसही कांदळवन प्रतिष्ठानानें असें केंद्र उभें केलें. समुद्रांतून पकडून, गर्दीत कोंबून आणलेल्या माशापेक्षां असा मासा निरोगी असण्याचा संभव अधिक. पण दुकानाच्या टाक्यांतून सर्वांचें पाणी एकच फिरतें, म्हणून त्यांनाही झोपडींत ठेविलेंच. नवव्या दिवशीं लहान्याच्या परावर तीन ठिपके दिसले. नातीनें ते भिंगांतून मोजून वहींत लिहिले. तेथपासून तीस दिवस तांबें, मग दोन आठवडे साधें पाणी. असे जवळजवळ आठ आठवडे दोघेही त्या प्लॅस्टिकच्या कोपऱ्यांत काढून दिवाणखान्यांत आले.

त्या टाकीचें जाळें व बादली आजही वेगळीं आहेत. त्यांवर नातीनें तांबडा दोरा बांधला आहे, आणि मीं विसरून तें जाळें दिवाणखान्याकडे नेऊं लागलों तर ती मला दारांतच अडविते.